सुंठवड्याचा नाताळ

एखादं माणूस हट्टी आहे असं आपण सहज म्हणून टाकतो. मार्थामावशींच्या शेजारी राहिल्यापासून हा शब्द मी जपून वापरतो. बाकीचे लोक हट्ट करतात. मावशी एकदा ठरवायच्या आणि जग त्याप्रमाणे वागेपर्यंत वाट बघत बसायच्या. बसायच्या म्हणजे अक्षरशः. सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आहे. त्याच्या मालकाने एकदा जनरेटरचा पाइप गल्लीकडे काढला आणि घराघरात धूर शिरायला लागला. आम्ही पुरुषांनी मीटिंग घेतली. अर्ज मराठीत लिहावा की गुजरातीत, यावर दोन तट पडले. मावशींनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, पाइपाच्या तोंडासमोर मांडली आणि मांडीवर साडी घेऊन टिकल्या चिकटवायला सुरुवात केली. मालक धावत आला. "मार्थाबेन, आ शुं करो छो?"

"काम करायलेय. साड्या काळ्या झाल्या म्हंजी शेठ विचारंल कुणामुळं. मी तुमचं नाव सांगीन."

दुपारपर्यंत पाइपाचं तोंड रस्त्याकडे वळलं. आमचा अर्ज अजून अर्धाच आहे.

मावशी जालन्याकडच्या. नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या, तो लूमवर होता. तो गेला तेव्हा मुलगा शमुवेल अजून शाळेतही जात नव्हता. गावी परत जा म्हणणारे पुष्कळ भेटले, पण मावशींनी घरी साड्यांचं काम आणायला सुरुवात केली आणि गल्ली सोडली नाही. आमची गल्ली सगळी आमच्यासारख्यांची. निम्मे आम्ही अमळनेर-चोपड्याकडचे, बाकीचे कुणी नांदेडचे, कुणी अकोल्याचे. ख्रिस्ती घर हे एकच. पण गल्लीतलं एकही कार्य मावशींवाचून उभं राहायचं नाही. गणपतीत त्या आरती म्हणायच्या नाहीत, मात्र प्रसादाच्या वेळी पातेल्यापाशी उभ्या राहून पोरांना सरळ ओळीत लावायच्या. कुणी घुसलं की कान धरायच्या. "आरती तुमची, रांग माझी," असं त्यांचं साधं तत्त्व होतं, आणि सर्वधर्मसमभावावर मी शाळेत पोरांकडून जे निबंध लिहून घेतो त्यांत इतकं स्पष्ट वाक्य मला कधी सापडलं नाही.

बुटक्या, अंगाने भरलेल्या, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. चहा बशीतच पिणार, आणि पिताना असा आवाज काढणार की शेजारच्या घरातही चहाची तल्लफ यावी. "बघू", "पाहू", "नंतर" हे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. हो तर हो, नाही तर नाही. मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर, म्हणून मला गुरुजी म्हणायच्या. तो मान होता असं मात्र कुणी समजू नये. "गुरुजी, तुमाला येवढं वाचून बी कळंना?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल!

त्यांच्या नाताळाची गोष्ट सांगायची तर सुंठवड्यापासून सांगायला हवी.

नवरा गेल्यावर काही वर्षं त्यांनी नाताळ केलाच नव्हता. मग एका वर्षी ठरवलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं केलं, "पंचवीस तारखेला सकाळी माझ्याकडं या, येशूबाळाचा जन्म हाय." दिवाळीतला आमचा पाच कोपऱ्यांचा कंदील मागून नेला आणि चांदणी म्हणून दारात टांगला. करंज्या केल्या, शंकरपाळे केले. टोपलीत कापूस घालून त्यावर मातीचं बाळ ठेवलं. आता आमच्या बायका. बाळाचा जन्म म्हटल्यावर काय करायचं ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. रामनवमीला करतात, गोकुळाष्टमीला करतात. माझ्या सुनंदाने सकाळीच सुंठ कुटली, खोबरं किसलं, साखर घातली आणि ताटलीवर रुमाल झाकून निघाली. बाकीच्या कुणी नारळ, कुणी झबलं-टोपडं. तिथे पोचल्यावर त्यांनी टोपलीला दोरी बांधली, ती हलवली आणि पाळणा म्हटला. नाव येशूचं, चाल कृष्णाच्या पाळण्याची. मग सुनंदाने सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट सुंठवडा ठेवला.

मी दाराशी उभा होतो. मावशी हातातल्या सुंठवड्याकडे बघत राहिल्या. आपल्या बायकोने काय घोळ घातला ते माझ्या ध्यानात आलं आणि मी मान खाली घातली. मावशींनी चिमूट तोंडात टाकली, चघळली आणि म्हणाल्या, "सुंठ जास्त झाली सुनंदा. बाळंतिणीला देयाचा हाय का बाळाला?" झालं. पुढच्या वर्षापासून डिसेंबर लागला की त्याच विचारायच्या, "सुंठवडा कोण आणणार? सुनंदाला सांगू नका." आणि सुनंदाच न्यायची. आमच्या गल्लीचा नाताळ हा असा उभा राहिला. थंडीच्या दिवसांत आमच्या बायकांना ती दुसरी दिवाळीच झाली.

शमुवेल मोठा झाला, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागला आणि पिऊ लागला. दारूबंदीच्या राज्यात रोज दारू मिळवायला जी हुशारी लागते ती त्याने अभ्यासात वापरली असती तर आज कलेक्टर झाला असता. मावशींनी काय नाही केलं! त्याला कोंडलं, मारलं, भट्टीवाल्याच्या दारात जाऊन बसल्या. तेवढ्या एकाच ठिकाणी त्यांचं बसणं फुकट गेलं. मग सुरतेबाहेर कामरेजला त्याला एका छोट्या कारखान्यात काम मिळालं, तिथे कुणी त्याला आपल्या प्रार्थनेच्या मंडळीत नेलं. घराघरात जमणारी, साधी माणसं होती ती. ती त्याच्याबरोबर रात्र रात्र बसली. त्याची दारू सुटली. त्याच मंडळीतल्या मुलीशी लग्न झालं, तिकडेच घर केलं. महिन्यातून दोनदा तो आईकडे यायचा, स्वच्छ डोळ्यांनी, इस्त्रीच्या शर्टात. मावशी त्याला दारापासून खाटेपर्यंत नुसत्या बघत राहायच्या. असा मऊ चेहरा त्यांना होता हे तोवर आम्हाला माहीतच नव्हतं.

आणि ती मंडळी नाताळ पाळत नसे.

पहिल्या वर्षी शमुवेलने कामाचं कारण सांगितलं. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात येऊन त्याने शांतपणे सांगून टाकलं, "आई, हा सण आपला नाहीच. सूर्य पूजणाऱ्या लोकांचा आहे. मी येणार नाही, तूही करू नको." त्याने फोनवर काही दाखवलं. मावशींनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि तो गेल्या गेल्या तडक माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, हे खरं हाय का खोटं, मला शोधून द्या. गोड गोड सांगू नका."

मी शोधलं. आठवडाभर वाचलं. जे सापडलं ते त्यांच्यापुढे मांडताना मला घाम फुटला, कारण विद्वानांचंच एकमत नव्हतं. काहींचं म्हणणं, रोमचे लोक या सुमाराला सूर्याचा उत्सव करायचे. दिवस मोठा व्हायला लागतो म्हणून. चर्चने तोच दिवस उचलून येशूला दिला. दुसरे म्हणतात, असं काही नाही. त्या उत्सवाचा पुरावाही नाताळाच्या पुराव्याइतकाच उशिराचा आहे, आणि जुन्या ख्रिस्ती लोकांनी मरियेच्या पोटी गर्भ राहिला तो वसंतातला दिवस धरला आणि तिथून नऊ महिने मोजले.

"नऊ महिने कुणी मोजले?"

"पाद्र्यांनीच असतील."

"छ्या! बाईनंच मोजलं असंल. पुरुष काय मोजतेत!" त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी सूर्याचा सण, आपल्या संक्रांतीवाणी?"

"साधारण तसंच. सूर्य फिरतो तो दिवस."

"आन बाळ जन्मलं तवा रानात व्हते त्या धनगरांचं काय? शमू म्हणतो, थंडीत धनगर मेंढरं घिऊन रानात नसतेत. आमच्याकडं तर थंडीतच शेतात बसायचे."

"मावशी, बेथलेहेम जालन्यात नाही. तिथे थंडीत पाऊस पडतो."

यावर त्या भांडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मान डोलावली. "बराबर. तिथलं मला काय म्हाईत. म्हंजी त्याचं खरं असंल बी."

"असेलही आणि नसेलही."

"ऱ्हाऊ द्या. मला येवढंच पायजे होतं." आणि उठून करंज्यांसाठी रवा आणायला गेल्या. विद्वानांच्या वादातून इतक्या लवकर मोकळं झालेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

नाताळाच्या आधीच्या रविवारी दुपारी गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे करंज्या भरायला बसल्या होत्या. मी सुनंदाला पोळपाट पोचवायला गेलो होतो आणि तिथेच रेंगाळलो. शमुवेल आला. परातीतल्या करंज्या आणि दारातली चांदणी बघून त्याचा चेहरा उतरला.

"आई, मी सांगितलं होतं ना."

"सांगितलंस. मी विचारून बी आले. तुझं खरं असंल."

तो चपापला. वाद घालायच्या तयारीने आलेल्या माणसाला समोरच्याने आधीच कबुली दिली की त्याला उभं कुठे राहावं कळत नाही. "मग तरी करतेस? बायबलात तारीखच नाही. सगळं उसनं आहे, आई. कंदील दिवाळीचा, पाळणा कृष्णाचा. आणि सुंठवडा! नाताळात सुंठवडा वाटतात का कुठे?"

सुनंदाचा हात करंजीवर थांबला.

"सुंठवडा कसा आला ते मला रोमला जाऊन विचारायला नको," मावशी म्हणाल्या. "सुनंदानं ताटलीत आणला. बाळ जन्मलंय म्हणून आणला. मी खाल्ला. दुसऱ्या कुणी कुठं काय आणलं असंल, ते बी आसंच आणलं असंल. बरं, खरी तारीख सांग. त्या दिवशी करते."

"कुणालाच माहीत नाही."

"माझी तरी माहीताय का?"

"तुझी? एक जून."

बायका खुदकन हसल्या. मावशींच्या पिढीतल्या आमच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून आहे. शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग हेडमास्तर सरसकट एक जून लावून मोकळे व्हायचे. माझ्या सासऱ्यांची तीच आणि सासूबाईंचीही तीच.

"माझी आई सांगायची, मी झाले तवा ज्वारी खळ्यावर होती," मावशी म्हणाल्या. "एक जूनला कुठली आली खळ्यावर ज्वारी? तरी तू दर साली केक आणतोस, माझ्या तोंडाला फासतोस. तो वाढदिवस कुणाचा करतोस? हेडमास्तरचा?"

"तुझा."

"तारीख खोटी असून?"

आता सगळ्या बायकांनी शमुवेलकडे पाहिलं. मलाही वाटलं, जिंकली बाई. पण तो चिडला नाही. खाटेच्या कडेवर बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. "आई, तुला माझं उत्तर पटणार नाही. तुझं बरोबरही असेल. पण मी आता कुठलीच गोष्ट 'चालतं' म्हणून करत नाही. एक दिवस चालतं म्हटलं होतं, तेव्हा काय झालं तुला माहितीय. माझ्या मनाला जे खोटं वाटतं ते मी एकदा जरी केलं ना, तर मी कुठे जाऊन थांबेन मला माहीत आहे."

 मावशी हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत राहिल्या. तो चहा न घेता गेला.

त्या वर्षीचा नाताळ मावशींनी तसूभरही कमी केला नाही. पाळणा झाला, सुंठवडा झाला. गाणं त्यांनीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. पण दर थोड्या वेळाने त्यांची नजर गल्लीच्या तोंडाकडे जायची आणि परत यायची. मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं. सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, त्या मंडळीच्या पुढाऱ्याला मी जाऊन भेटू का? समजावून सांगू."

"खबरदार! त्या लोकांनी माझं लेकरू मला परत दिलंय, गुरुजी. त्यांच्यासंगं मी कशी भांडू? तिथून सुटला तर बाटलीकडं जाईल. तिथंच ऱ्हायला तर माझ्याकडं यायचा न्हाई." मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "माझ्यावरच गेलाय मेला. एकदा ठरवलं म्हंजी ठरवलं."

पुढच्या वर्षी त्यांचे डोळे अधू झाले. साखरेमुळे पडदा खराब झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. टिकली उलटी चिकटायला लागली तसं साड्यांचं काम सुटलं. दिवाळीनंतर शमुवेल टेम्पो घेऊन आला. "आई, आता इथे एकटी राहू नको. घरी चल." आणि मग, आमच्या सगळ्यांच्या देखत, खाली बघत म्हणाला, "फक्त एक. घरात नाताळ नको. चांदणी नको, गाणी नकोत, त्या दिवशी लोकांना बोलावणं नको. एवढं माझं ऐक."

गल्ली कान टवकारून उभी राहिली. पाइपवाला मालकसुद्धा बाहेर आला होता. आता खुर्ची मांडली जाणार, अशी माझी खात्री होती.

"बरं," मावशी म्हणाल्या.

एवढंच. सामान चढलं. चांदणीचा कंदील त्यांनी सुनंदाच्या हातात दिला, "तुझाच हाय," म्हणाल्या. टेम्पोत पुढे बसल्या आणि गेल्या.  रात्रीच्या भाकरी थापताना सुनंदा आमच्या अहिराणीत म्हणाली, "बाई हारनी." बाई हरली असं मलाही वाटत होतं, आणि त्याचा रागही येत होता. शमुवेलवर नव्हे, म्हातारपणावर.

पंचवीस डिसेंबरला शाळेला सुट्टी होती. बोलावणं नव्हतंच, पण सुनंदा सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होती. शेवटी आम्ही बस धरून कामरेजला गेलो. हायवेच्या मागे तिमजली इमारत, खालून उसाचे ट्रॅक्टर घरघरत चाललेले. दार उघडंच होतं. दारावर काही नाही, भिंतीवर काही नाही. मावशी रोजच्या विटक्या हिरव्या साडीत होत्या, लग्नाकार्याची पांढरी नेसल्या नव्हत्या. आम्हाला आवाजावरून ओळखलं. "या. बोलावलं न्हाई तुमाला, ध्यानात ठिवा."

घरभर वेलची-जायफळाचा वास होता. सून शेगडीपाशी पोळ्या भाजत होती, मावशी बोटांनी चाचपून पुरण भरत होत्या. सुनंदा न राहवून म्हणाली, "मावशी, आज पुरणपोळी?"

"हरभऱ्याची डाळ जास्त भिजली."

आजवर मी जास्त भिजलेल्या डाळीची भजी खाल्ली आहेत, वाटली डाळ खाल्ली आहे. डाळ चुकून जास्त भिजली म्हणून आमटी, भात, कुरडया आणि तुपाच्या तांब्यासह पुरणाचा स्वयंपाक झालेला मी ऐकलेला नाही. सून खाली मान घालून हसत होती.

जेवायच्या वेळेला शमुवेल कामावरून आला. त्याने मुद्दाम सुट्टी घेतली नव्हती, ते त्याच्या चालण्यातच दिसत होतं. दारात त्याला वास आला आणि तो थांबला. आमच्याकडे पाहिलं, कोऱ्या भिंतींकडे पाहिलं, आईच्या रोजच्या साडीकडे पाहिलं.

"आई, हे काय आहे?"

"जेवण."

"आज?"

"रोज जेवतोस की. चांदणी न्हाई, गाणं न्हाई, बोलावणं न्हाई. हे आपणहून आलेत, इचार त्यांना. आता काय डाळ बी तुझ्या मंडळीला इचारून भिजवू?"

  शमुवेलने चपला काढल्या, हात धुतले आणि पाटावर येऊन बसला. त्यांच्या घरी रोज जेवणाआधी तो प्रार्थना करतो. त्याने डोळे मिटले, पानातल्या अन्नाबद्दल आभार मानले, ज्या हातांनी रांधलं त्यांना आशीर्वाद मागितला. रोजचेच शब्द असावेत, कारण सून त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. शब्द संपले तरी त्याने डोळे उघडले नाहीत. सून थांबली, आम्ही थांबलो. मावशी तुपाचा तांब्या घेऊन त्याच्या पानापाशी वाकून उभ्या होत्या, तशाच राहिल्या. त्यांना त्याचा चेहरा नीट दिसत नसणार.

"आई," डोळे न उघडताच तो म्हणाला, "तूप वाढ."

मावशींनी डाव्या हाताने त्याची पोळी चाचपली आणि धार धरली. पोळी भिजली, तूप ताटाच्या काठाकडे पसरायला लागलं.

"पुरे, आई. अगं, पुरे!"

मावशी थांबल्या नाहीत.